उत्तरेची भिंत: बुरशी तपासणारा खरा माणूस शोधायच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

पोळा झाला, महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्यात म्हणून आईची खोली धुवायला काढली, आमच्याकडं महालक्ष्म्या त्याच खोलीत बसतात. लोखंडी कपाट सरकवलं तर मागं भिंत काळी. डाग वगैरे नाही, सरळ काळं मखमल, टॉर्च तिरपी धरली की त्यावरचे बारीक केस दिसायलेत. कुबट वास जूनपासूनच होता पण आम्ही समजायलो गोधड्यांचा आहे. आईचा रात्रीचा खोकला पण जुलैपासूनचा, डॉक्टर म्हणले ॲलर्जी आहे, आणि खोलीत ओल आहे का म्हणून विचारलं होतं, तवा मी चक्क नाही म्हणलो होतो.

टेप लावला. काळं साधारण ३ बाय २ फूट, सगळं कपाटाच्या आडोशाला. त्याच्या खाली जमिनीपासून अडीच फुटापर्यंत पोपडे आणि पांढरं पीठ फुटलंय, ते मात्र भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्हीच्या कडा पेन्सिलनं आखल्या, बाजूला तारीख लिहिली, पट्टी ठेवून फोटो काढले.

घराची माहिती एकदा लिहून ठेवतो, दर फोनला सांगावी लागणार. परभणी, १९९८ चं बांधकाम, ९ इंची विटेची भिंत, वरचा मजला २०१४ चा, या खोलीच्या डोक्यावर वरची न्हाणी. उत्तरेला शेजारच्या चाचांचं घर आणि मधी दोन फुटांचा बोळ. ही भिंत आम्ही २०१९ ला रंगवून झाकली, २०२२ ला परत झाकली, दोन्ही वेळेस दुसऱ्या पावसाळ्यात सगळं वर. यावेळी रंगाचा डबा आणायचाच नाही. पाणी कुठून यायलंय हे जो सांगेल तो माणूस आधी शोधायचा, बाकी सगळं नंतर.

२६ ऑगस्ट

बायकोनं ब्लीच आणलं, आणि ते पुरणार नाही म्हणून सोबत संडास धुवायचं ॲसिड. दोन्ही एकाच बादलीत टाकायच्या बेतात होती, जोरात ओरडलो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तर विचारूच नका. मी ओरडल्यामुळं उद्याच्या गणपतीचे मोदक तळले जातील का नाही याची शंका आहे. तोवर आईची खाट हॉलमध्ये, खोलीचं दार बंद. महालक्ष्म्या पण यंदा हॉलमध्येच, आईला ते पटलेलं नाही.

३० ऑगस्ट

तीन दिवस फोन. ‘मोल्ड इन्स्पेक्टर परभणी’ असं शोधलं तर आधी पेस्ट कंट्रोलवाले येतात, मग वॉटरप्रूफिंगवाले, मग पुण्याच्या कंपन्या, आणि एक गाद्या धुणारा. बुरशी तपासणारा असा स्वतंत्र धंदा आपल्याकडं नाहीच, त्याचं सरकारी लायसन पण नाही, त्यामुळं ज्याला वाटलं त्यानं कार्डावर छापलं. नऊ जणांना फोन लावले, सात जणांनी पहिलाच प्रश्न केला, “किती स्क्वेअर फूट?” आठवा म्हणाला फोटो टाका, रेट सांगतो. वरच्या मजल्यावर काय आहे, ओल पावसाळ्यातच येते का बाराही महिने असते, हे एकानंही विचारलं नाही.

नववा गाद्या धुणारा. तो म्हणला, “साहेब हे आपलं काम नाही, तुमची भिंत पाणी प्यायलीय, आधी ते बघा.” आत्तापर्यंतचा सगळ्यात प्रामाणिक माणूस हाच.

४ सप्टेंबर, गुरुवार

पहिला माणूस आला. एका मोठ्या रंगाच्या कंपनीचा लोकल ठेकेदार, तपासणी फ्री. टी-शर्ट इस्त्रीचा, हातात टॅब, खिशात दोन सुयांचं पिवळं मीटर. चपला काढल्या, आत आला, पांढऱ्या पिठात सुया खुपसल्या, मीटर केकाटायला लागलं, लाल लाईट. “बघा काका, हंड्रेड परसेंट मॉइश्चर, आणि हे पांढरं सगळं फंगस आहे.” मी ४१ वर्षांचा, काका म्हणलेलं तसंही आवडलं नव्हतं.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, नखानं ते पांढरं खरवडलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत जिभेवर ठेवलं. “मीठ हाय रे हे. लोणा लागलाय भितीला. फंगस म्हणं.”

ठेकेदार हसला पण पुढं काय बोलावं ते त्याला सुचेना. तो गेल्यावर मी चिमूटभर पांढरं वाटीत घेतलं, पाणी टाकलं, बोटानं ढवळलं, विरघळून गेलं. काळं खरवडून दुसऱ्या वाटीत टाकलं तर तरंगत राहिलं, विरघळायचं नाव नाही. विटेतून आणि गिलाव्यातून पाणी वर येतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतात. क्षार पाण्यात विरघळतो, बुरशी विरघळत नाही. जिभेवर ठेवायची काहीच गरज नव्हती हे आईला सांगितलं, ती म्हणली तुमच्या जन्माच्या आधीपासून आम्ही भिती सारवतोय.

कोटेशन संध्याकाळी व्हॉट्सॲपवर: आतून तीन कोटचं वॉटरप्रूफिंग, ६८,४०० रुपये, १० वर्षांची वॉरंटी. वॉरंटीची पीडीएफ पूर्ण वाचली. जमिनीतून वर चढणारी ओल आणि बाहेरून येणारं पाणी सोडून बाकी सगळ्याला वॉरंटी लागू. आता भिंतीला पाणी अजून कुठल्या दिशेनं यायचं राहिलं?

७ सप्टेंबर, रविवार

काल गणपती गेले. आज पुण्याच्या कंपनीचा पोरगा आला, संभाजीनगरला दुसरं काम होतं म्हणून इकडं पण. थर्मल कॅमेरा, ४,९९९ रुपये, हवेचे सॅम्पल पाहिजे असतील तर वेगळे ८,५००. पोरगं चांगलं होतं, नांदेडकडचंच, पगारी. कॅमेऱ्यात भिंत जांभळी-निळी दिसली, ते म्हणालं निळं तिथं पाणी.

मला डोक्यात किडा आला. फ्रीजमधली पाण्याची बाटली आणली, हॉलच्या एकदम कोरड्या भिंतीला दोन मिनिटं टेकवून धरली आणि म्हणलं आता इथं बघ. मस्त निळी बाटली उमटली भिंतीवर. ते पोरगं माझ्याकडं बघायलंय, मी त्याच्याकडं. मग तेच खालच्या आवाजात म्हणलं, “सर हा टेम्परेचर दाखवतो फक्त, पाणी दाखवत नाही, ओली जागा थंड असते म्हणून आपण अंदाज करतो.” बरोबर आहे, अंदाज घ्यायला यंत्र चांगलंच आहे, पण अंदाजाला ‘रिपोर्ट’ नाव देऊन खाली त्याच कंपनीचं ट्रीटमेंट पॅकेज जोडलेलं होतं, साइटवर यायच्या आधीच छापलेलं, फक्त चौरस फुटाचा आकडा भरायचा बाकी. पोराला चहा पाजला, ४,९९९ दिले. हे पैसे अक्कलखाती.

१० सप्टेंबर

मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याला रात्री फोन लावला. तिकडं हा रीतसर धंदा आहे. त्याच्या राज्यात तपासणाऱ्याला वेगळं लायसन, काढणाऱ्याला वेगळं, आणि एकाच कामावर एकाच कंपनीनं तपासणी पण करायची आणि काढायचं पण, हे कायद्यानं बंद. न्यूयॉर्कमध्ये पण तसंच. कारण उघड आहे, ज्याला काढायचे पैसे मिळणार त्याला बुरशी सापडणारच. तरी सलग २५ चौरस फुटाच्या आतलं साफ करायला टेक्सासमध्येही लायसन लागत नाही म्हणला. आणि त्यांची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की १० चौरस फुटाच्या आतली बुरशी बहुतेक वेळा घरच्या माणसानं काढली तरी चालते, डोळ्यानं दिसत असेल तर सॅम्पल घ्यायची बहुतेक वेळा गरज नाही, आणि घरातल्या हवेत किती बुरशी चालेल याचा सरकारी आकडाच अमेरिकेत ठरलेला नाही.

म्हणजे माझी ३ बाय २, सहा चौरस फूट. आणि ८,५०० चं सॅम्पल घेऊन जो आकडा येईल तो कशाशी ताडून बघायचा?

१३ सप्टेंबर, शनिवार

हाच प्रश्न घेऊन गल्लीतल्या सरांकडं गेलो. सर कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकवायचे, आता रिटायर. आयुष्यभर भुरी, केवडा, तांबेरा, ज्वारीची काणी हेच बघितलं. परभणीत राहून बुरशी समजायला पुण्याहून माणूस बोलवला याचं मला तिथं बसल्या बसल्या हसू आलं.

सर म्हणले, “अरे बटाटा-साखरेचं आगर टाकून प्लेट उघडी ठेव, तुझ्या घरात ठेव, माझ्या ओसरीवर ठेव नाहीतर स्टेशनवर ठेव, सप्टेंबरात तिसऱ्या दिवशी प्लेट भरणारच. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. घरातली प्लेट वाचायची तर त्याच वेळी, त्याच पद्धतीनं घराबाहेरची पण प्लेट लागते, ती घेणार होता का तो?” पुण्याचा तो पोरगा घेणार नव्हता, ८,५०० मधल्या तिन्ही प्लेटा आतल्याच होत्या.

मी सेलोटेपवर थोडं काळं उचलून नेलं होतं. सरांनी निळा रंग टाकून स्लाइड केली, घरी जुना मायक्रोस्कोप आहे त्यांच्याकडं, मला पण दाखवलं. झाडाच्या फांद्यांसारखं, टोकाला माळेसारखे मणी. “क्लॅडोस्पोरियम दिसतंय. घरोघरी सापडतं. काळी दिसली म्हणजे विषारी, हे तुझ्या व्हिडिओतलं ज्ञान सोडून दे, रंगावरून जात कळत नाही. आणि जात कळली म्हणून तुझी भिंत वाळणार आहे का?”

मग लॅबबद्दल सांगितलं. कधी चाचणी करावीच लागली तर लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का एवढंच विचारून थांबू नको, त्या मान्यतेच्या स्कोपमध्ये नेमकी ती चाचणी लिहिलेली आहे का ते बघ, पाण्याच्या चाचणीची मान्यता दाखवून हवेची चाचणी विकणारे असतात. स्कोप एनएबीएलच्या साइटवर दिसतो.

निघताना दारात म्हणले, “बुरशीवाला शोधू नको, पाणीवाला शोध. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक साहेब आहेत, धरणाच्या भिंतीतली गळती शोधण्यात अख्खी नोकरी घालवली त्यांनी. फी घेतात मात्र.” त्या दिवशी ‘फी घेतात’ ऐकून पहिल्यांदा बरं वाटलं.

१४ सप्टेंबर

साहेबांना फोन करायच्या आधी काय विचारायचं ते पाठ करून घेतलं. तुम्ही नंतर काम पण करता का? कुणा ठेकेदाराकडून काही मिळतं का? (हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला विचारायची लाज वाटत होती, तरी विचारला.) रिपोर्ट लिहून देणार का, त्यात पाणी कुठून येतं ते लिहिणार का नुसतं ‘ओल आढळली’? दोन पावसाळे झालेलं एखादं घर दाखवता का?

पलीकडून आधी हसायचा आवाज आला. मग उत्तरं: काम करत नाही. कुणाकडून एक रुपया घेत नाही, म्हणूनच तुमच्याकडून २,५०० घेणार. दोन पानं लिहून देतो. घरं दोन दाखवतो, एका घरात माझा अंदाज चुकला होता, ते पण बघून या.

चुकलेलं घर दाखवायला दुसरं कोणीच तयार नव्हतं. संध्याकाळी दोन्ही घरी जाऊन आलो. चुकलेल्या घरचे आजोबा म्हणले, साहेबांनी गच्ची सांगितली, निघाली पाइपलाइन, पण दुसऱ्या दिवशी स्वतः सायकलवर आले आणि फी परत देऊन गेले.

१७ सप्टेंबर

शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, दिवसभर तिकडंच. मिस्त्रीमामांना सोबत घ्यायचं का विचारलं तर साहेब म्हणले, घ्या, पण मी सांगेपर्यंत हातोडी पिशवीतच राहू द्या.

२१ सप्टेंबर, रविवार

साहेब आले. पिशवीत काय, तर एक छोटी हातोडी, टेप, ॲल्युमिनियम फॉइलचा रोल, चिकटपट्टी, आणि पंधरा फूट पारदर्शक नळी. मीटर नाही, कॅमेरा नाही. खोलीत गेलेच नाहीत आधी. पाऊण तास बाहेर. गच्चीवर गेले, उतार बघितला, वरच्या न्हाणीची जाळी उचलून बघितली, मग बोळाच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, “यात शेवटचं कोण उतरलं होतं?”

कोणीच नाही. बहुतेक २०१४ पासून कोणीच नाही. वरचा मजला बांधला तवाचा मलबा, चाचांच्या बाजूचा पण मलबा, त्यावर दहा वर्षांची माती, त्यावर एरंड उगवलेला. आणि नगराचा रस्ता दर वेळी जुन्यावरच नवा थर टाकून उंच होत गेलेला, त्यामुळं बोळातलं पाणी पुढं नालीत जायच्या ऐवजी आतच थांबायलंय.

मग नळीत पाणी भरलं, एक टोक खिडकीतून माझ्या हातात दिलं, दुसरं धरून स्वतः बोळात उतरले, वय ६८. ओरडून सांगायलेत, “फरशीपासून किती?” मी आत पाण्याची रेघ मोजली, त्यांनी बाहेर मोजली. दोन्ही आकडे वहीत लिहून वजाबाकी केली आणि वही माझ्यासमोर धरली. बोळातली जमीन आमच्या आतल्या फरशीपेक्षा ७ इंच वर. १९९८ ला पाया रस्त्यापासून दीड फूट उंच होता, मला आठवतंय, बाबा त्यावर बसून तंबाखू मळायचे. म्हणजे दर पावसाळ्यात माझी भिंत ओल्या मातीत पुरलेली आहे, आणि पाया उंच ठेवायचा सगळा फायदा बाहेरच्या बाजूनं भरून टाकलेला.

आत आल्यावर दोन फॉइलचे तुकडे लावले, फूटभर चौकोनी, चारही कडा चिकटपट्टीनं बंद. एक जमिनीपासून एक फुटावर, दुसरा साडेचार फुटावर काळ्याच्या शेजारी. दोन दिवसांनी काढायचे. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ओल भिंतीतून, खोलीकडच्या बाजूला आलं तर हवेतून.

ठेकेदाराच्या मीटरचं पण विचारलं. ते मीटर भिंतीतून वीज किती जाते ते मोजतं, आणि मीठ असलं की वीज जास्त जाते, त्यामुळं लोणा लागलेल्या जागी ते नेहमीच केकाटणार. ही मीटरं मुळात लाकडासाठी असतात, गिलाव्यावर आकडा खरा धरायचा नसतो. मी मधल्या काळात ऑनलाइन १,४५० चं तसलंच मीटर घेऊन बसलोय हे त्यांना सांगितलं नाही.

मिस्त्रीमामांनी वरच्या न्हाणीचं भोक कापडाच्या बोळ्यानं बंद केलं, रंगपंचमीचा उरलेला लाल रंग पाण्यात कालवून दोन इंच पाणी साठवलं, उद्यापर्यंत ठेवायचं. पोरांना न्हाणी बंद म्हणल्यावर फार आनंद झाला.

२३ सप्टेंबर

लाल पाणी जसंच्या तसं, खाली छतावर गुलाबी ठिपका पण नाही. न्हाणी निर्दोष.

फॉइल काढले. खालचा सोलला तर मागं घामासारखे थेंब, भिंतीकडच्या बाजूनं. वरचा दोन्हीकडून खडखडीत कोरडा. साहेबांना फोटो पाठवले, त्यांचा फोन आला. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, पांढरं बोळातल्या पाण्याचं, काळं खोलीतल्या हवेचं. कपाट भिंतीला चिकटून, मागं वारा नाही, खालची ओल दिवसभर हवेत उडतेय, खिडकी बंद, आणि पावसाळ्यात ओले कपडे दोरीवर वाळत त्याच खोलीत. हवेतला दमटपणा बराच वेळ ८० टक्क्यांच्या वर राहिला की भिंतीला थेंबभर पाणी न लागता पण बुरशी धरते, ६० च्या खाली ठेवायला पाहिजे. घड्याळासारखं दमटपणा मोजायचं मशीन सरांनी उसनं दिलं होतं, ते बघितलं तर ८४.

काल जीएसटी कमी झाला, सिमेंट २८ वरून १८ वर आलं. मिस्त्रीमामा म्हणतेत दुकानदाराकडं उतरायला अजून आठ दिवस लावतील.

२८ सप्टेंबर, रविवार

काल दुपारपासून पाऊस. रात्री अकराला टॉर्च घेऊन खिडकीतून बोळात बघितलं, पाणी भरून उभं, एरंडाचं बूड बुडालेलं, पाण्यावर एक चप्पल तरंगायलीय. सकाळी आत पेन्सिलच्या रेघेच्या वर चार बोटं नवी ओल. साहेबांच्या दोन पानांवर हेच लिहिलेलं आहे, ‘जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी ओलीची कडा वर सरकेल’.

नोंद लिहायला बसलो पण लक्ष नाही. जायकवाडीचे दरवाजे उघडलेत, गोदाकाठच्या गावांना इशारा आहे, मामाच्या रानात सोयाबीन कापायला आलेलं, कंबरभर पाण्यात. मामाला फोन लागेना. भिंतीचं काय, भिंत कुठं जात नाही.

५ ऑक्टोबर

मामाचं तीन एकर गेलं. जनावरं वाचली.

चाचांकडं गेलो. बोळ त्यांच्या बाजूनं पण साफ करायचा म्हणजे पैशाचं बोलणं आलं, म्हणून दोन दिवस टाळत होतो. चाचांनी बोलूच दिलं नाही, हात धरून आतल्या खोलीत नेलं. “देखो बेटा, हमारी दिवार भी गीलीच है ना, तीन बार कलर मारे.” तेच पांढरं पीठ, तेवढ्याच उंचीवर. चाची म्हणली आम्ही समजायलो तुमच्या न्हाणीचं पाणी आहे, आणि भांडण नको म्हणून गप्प बसलो. आम्ही पण त्यांच्याबद्दल हेच समजायलो होतो, फक्त ते मी बोलून दाखवलं नाही.

खर्च अर्धा अर्धा.

११-१२ ऑक्टोबर

दोन गडी, सब्बल, टोपलं, दोन दिवस. बोळातून एक ट्रॉली भरून मलबा निघाला, शिवाय माझ्या लहानपणीची रबरी रिंग आणि चाचांच्या कोंबडीचं खुराडं. पायाची कड उघडी पडली तवा मिस्त्रीमामांनी वाकून बघितलं आणि म्हणले डीपीसी दिसत नाही, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून पायावर जो थर देतेत तो दिलेलाच नाही. त्या वेळचा ठेकेदार आता या जगात नाही, त्यामुळं शिव्या पण देता येईनात.

बोळाच्या तळाला काँक्रीट, नालीकडं उतार, आमच्या भिंतीला बाहेरून नवा गिलावा. साहेब एकदाच येऊन बादलीभर पाणी ओतून बघून गेले, कुठं थांबतंय का. थांबलं नाही.

काळं मी स्वतः काढलं. एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे, पंखा बंद, खिडकी उघडी, मधलं दार बंद. कोरडं घासायचं नाही, उडतं, म्हणून आधी साबणाच्या पाण्याचा फवारा, मग खरवडून ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बंद. कपाटामागं दाबून ठेवलेली जुनी गादी फेकली, आईनं तिचा कापूस परत पिंजून घेऊ म्हणून अर्धा तास वाद घातला. आतला गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभर, म्हणजे साडेतीन फुटापर्यंत उतरवून विटा उघड्या ठेवल्यात. यावर लगेच काही लावायचं नाही. आतून पक्कं कोटिंग मारलं की ओल अडकते आणि अजून वर चढून बाहेर पडते, ६८,४०० चा बेत तोच होता.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताई लातूरहून आली, खोलीत उघड्या विटा बघून म्हणली दिवाळीत घर असं ठेवतेत का. मी तिला बोळ दाखवायला नेलं. बोळात बहिणीला फिरवणारा मी जिल्ह्यातला पहिला असेन.

१६ नोव्हेंबर

मीटर मिठामुळं खोटं बोलतं म्हणून साहेबांनी जुनी पद्धत सांगितली. ड्रिलनं विटेत खोल भोक पाडून भुकटी डबीत बंद करायची, वजन करायची, भट्टीत वाळवायची, परत वजन. भट्टी म्हणजे बायकोचा केकचा ओव्हन, १०५ डिग्रीवर, आणि काटा मित्राच्या सोनाराच्या दुकानातला. १२ ऑक्टोबरची ५० ग्रॅम भुकटी वाळून ४४.५ झाली होती, म्हणजे कोरड्या वजनाच्या १२.४ टक्के पाणी. आजची ५० ची ४६.९ भरली, ६.६ टक्के. दुकानात बसलेल्या एका आजींना वाटलं मी सोन्याची भुकटी आणलीय, मित्रानं पण त्यांना तसंच वाटू दिलं.

ढोबळ हिशोब इंचाला एक महिना असा सांगतात, ९ इंची भिंतीला ९ महिने, म्हणजे पुढच्या जुलैपर्यंत गिलाव्याचं नाव काढायचं नाही. मधल्या काळात पांढरं फुटेल ते कोरड्या ब्रशनं झाडून काढायचं, पाण्यानं धुवायचं नाही, नाहीतर क्षार परत आत जातो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं, दोरी गच्चीवर, दुपारी खिडकी उघडी. दमटपणा आज ५१, पण आता हवाच कोरडी आहे, त्यामुळं ते माझं कर्तृत्व धरत नाही.

खर्च: साहेब २,५००, बोळ आणि काँक्रीट १३,५०० त्यातले अर्धे चाचांचे, बाहेरचा गिलावा वेगळा ४,५००. अक्कलखाती कॅमेरा ४,९९९ आणि मीटर १,४५०, ते मीटर सध्या पोरगं विज्ञान प्रदर्शनात स्वतःच्या तळहाताला लावून दाखवतंय, तिथं पण केकाटतं.

खोकल्याचं अजून काही म्हणत नाही. आई रात्रीची उठेना झालीय, पण ती गोळ्या पण घेतेच आहे, आणि हॉलमध्ये झोपते. परत त्या खोलीत जायची तिला घाई झालीय, मी पुढची भुकटी १५ डिसेंबरला आहे म्हणलो तर म्हणली तुझ्या सोनाराला विचारून झोपायचं का मी आता.

ठेकेदाराचा परत मेसेज आलाय, दिवाळी ऑफर वाढवलीय, ६१ हजार. आणि संध्याकाळी चाचांनी साहेबांचा नंबर मागितला, त्यांच्या मेहुण्याच्या घरात पूर्णेला असंच काहीतरी आहे. नंबर दिला, फी आधीच सांगितली, आणि चुकलेलं घर पण बघून या म्हणलं.